तहानलेली वीट

राखेची वीट पाणी पिते, अशी बोंब सध्या वस्तीवस्तीतून ऐकू येते. घरकुलाच्या भिंतीला ओल आली, बोंब विटेच्या नावानं. गिलाव्याचे पोपडे पडले, बोंब विटेच्या नावानं. कोपऱ्यात बुरशी धरली, पोराचा खोकला हटेना, तरी बोंब विटेच्याच नावानं. आणि या बोंबेत सगळ्यात पुढं कोण? ज्यानं वीट विकली तो, ज्यानं रचली तो आणि ज्यानं काम ठीक आहे म्हणून सही ठोकली तो. भट्टीची लाल वीट घ्यायची सोडून स्वस्तात गेलात, आता भोगा, असं हे लोक उलट आपल्यालाच सुनावतात. वीट बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून विटेच्या वतीनं मीच बोलतो.

मी चंद्रपूरकडचा. औष्णिक वीज केंद्राची धुराडी बघत वाढलो. राखेच्या विटांच्या एका कारखान्यात दोन वर्षं मशीनवर राबलो, मग गवंड्याच्या हाताखाली बिगारी केली. राख नाकातोंडात गेलीय, नखांत बसलीय. तेव्हा अमुक वीट खानदानी आणि तमुक वीट हलकी, हे मला कुणी शिकवू नये. विटेला जात नसते. तिला कसं वाढवलं, एवढंच असतं.

आधी राखेचा हिशेब घेऊ. आपल्याकडच्या कोळशात राखच भरमसाट. शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख मागं उरते. वीज तारांवरून लांब निघून जाते, राख मात्र जिथल्या तिथं राहते. ती पाण्यात कालवून तळ्यांत सोडतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि राखेचा रबडा शेतांत, ओढ्यांत, नदीत शिरला. असली राख भिंतीत बंद झाली तर वाईट काय? शिवाय तिच्यामुळं शेताची वरची कसदार माती भट्टीत जायची वाचते. १४ सप्टेंबर १९९९ ला केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या भट्टीवाल्यांनी मातीत निदान २५ टक्के राख मिसळावी, असं बंधन आलं. पुढं अंतर वाढत गेलं, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं तर वीज केंद्रांना सगळीच्या सगळी राख ठरल्या वर्षांत वापरात आणायला सांगितलं. म्हणजे राखेची वीट आता जाणार नाही. ती येणार, आणि पहिली आपल्याच घराला लागणार. म्हणून तिचं अंतरंग आपल्याला कळलं पाहिजे.

मातीची वीट आगीनं पक्की होते. राखेची वीट भाजत नाहीत, ती पाण्यानं पक्की होते. सगळी मेख इथं आहे. राख, चुना आणि जिप्सम, किंवा राख आणि सिमेंट, त्यात दगडाची चुरी आणि बेताचं पाणी घालून मशीन वीट दाबून काढतं. बाहेर पडते तेव्हा ती नुसती आकाराला वीट असते. खरं काम पुढं सुरू होतं. राखेत काचेसारखी सिलिका असते. ती चुन्याशी धरते, आणि दोघांचा घट्ट डिंक तयार होतो. सिमेंट घातलं असेल तर सिमेंट भिजताना त्यातून चुना सुटतो, राख त्या चुन्याला धरते. हा डिंक विटेतल्या बारीक बारीक पोकळ्या भरत जातो. पण हे मुंगीच्या पावलानं चालतं, आठवडे लागतात. आणि त्याला सतत ओल लागते. ओल तुटली की काम थांबलं. भरायच्या पोकळ्या तशाच उघड्या राहिल्या, एकीचं तोंड दुसरीत. मग पाऊस आला की कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं पाणी त्यांतून चढतं.

म्हणजे बघा दोस्तांनो, ज्या विटेला वेळेवर पाणी पाजलं नाही, तीच पुढं जन्मभर पाणी पीत राहते. मालकानं वाचवलेलं पाणी पावसाळ्यात आपल्या भिंतीतून वसूल होतं.

मी होतो त्या कारखान्यात दाराशी पाटी होती, २१ दिवस पाणी मारलेली वीट. आत काय चालायचं? सकाळी मशीनमधून निघालेली वीट दुसऱ्या दिवशी थप्पीला लागायची आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ट्रॅक्टरात चढायची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात थप्पीवर मारलेलं पाणी तासाभरात उडतं. दिवसातून चारदा मारा, गोणपाट टाका, सावली करा, तर कुठं वीट आतून ओली राहील. पाणी मारायला एक बाई होती. मंदी आली तेव्हा पहिली तिचीच रोजी कापली. आमची मजुरी हजार विटांवर. वीट किती निघाली त्याचे पैसे, वीट किती पिकली त्याचे नाहीत. कुणी विचारलंच तर मालक म्हणायचा, "काहून बावा, टँकर तुझा बाप पाठवून राहिला काय?" असा हा विटांचा धंदा. विटेचा माल नडत नाही, तिचे दिवस चोरले जातात.

आता ही चोरी पकडायची कशी? चोरी पकडायचं माप सरकारी कागदातच आहे. भारतीय मानक ३४९५, भाग २. भट्टीत १०५ ते ११५ अंशांवर वीट पार कोरडी करायची, गार झाल्यावर तोलायची. मग साध्या गार पाण्यात २४ तास बुडवून ठेवायची. काढून ओल्या फडक्यानं पुसायची आणि तीन मिनिटांच्या आत परत तोलायची. वाढलेलं वजन म्हणजे विटेनं प्यालेलं पाणी. अशा पाच विटांची सरासरी काढायची. राख-चुन्याच्या विटेचं मानक १२८९४ सांगतं की खालच्या वर्गाच्या विटेनं २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, वरच्या वर्गाच्या विटेनं १५ टक्क्यांहून जास्त पिऊ नये. आणि मातीच्या लाल विटेची मर्यादा किती? तीच. १२.५ वर्गापर्यंत २० टक्के, त्यावर १५. आता बोला! दोघींना कायद्यानं सारखीच मुभा, मग तहानलेली म्हणून बदनाम एकटी राखेचीच का?

टक्के ऐकून आपल्याला काही होत नाही, म्हणून घराच्या हिशेबात सांगतो. वीट साधारण तीन किलोची धरा. २० टक्के म्हणजे ६०० ग्रॅम, अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एका विटेत. दहा फूट बाय दहा फुटांच्या एकेरी विटेच्या भिंतीला साडेचारशेच्या आसपास विटा लागतात. भिंत पुरती भिजली तर तिच्या पोटात २७० लिटर पाणी. दोनशे लिटरचा एक ड्रम भरून वर आणखी सत्तर लिटर, एका भिंतीत, आणि ते पास झालेल्या विटेचं. नापास विटेचं काय ते तुम्हीच मांडा. हीच वीट नीट पिकून १० टक्क्यांवर आली की पाणी निम्मं. हे पाणी वाळताना मीठ भिंतीच्या अंगावर आणून सोडतं, त्यालाच आपण लोणा म्हणतो. गिलावा सुटतो, भिंत थंडगार राहते, बाळंतीण आणि म्हातारं माणूस त्याच भिंतीला टेकून बसतं.

सगळी ओल विटेचीच असते असंही मी म्हणत नाही. जोतं बुटकं असेल, सांधे पोकळ असतील, छत गळत असेल तर सोन्याची वीट लावली तरी भिंत ओलच धरणार. आणि अजिबात पाणी न पिणारी वीटही कामाची नाही, तिला मसाला धरत नाही. थोडं पाणी विटेनं प्यायलाच पाहिजे. प्रश्न किती, हा आहे.

राखेतही राख असते. वीज केंद्रात कोरडी पकडलेली बारीक राख चांगली, तिला सिमेंट कंपन्यांची मागणी. तळ्यातली राख भरड, तिच्यात खालची जाड राखही मिसळलेली, चुन्याला ती सावकाश आणि कमी धरते. कोळसा नीट जळला नसेल तर राख काळपट पडते, न जळलेला कोळसा जास्तीचं पाणी मागतो. सिमेंटात घालायच्या राखेत तापवल्यावर जळून जाणारा असा भाग ५ टक्क्यांच्या वर नको, असं मानक ३८१२ सांगतं. छोट्या कारखान्यात हे कोण तपासतं? ट्रक रिकामा झाला की झालं.

काँक्रीटचीही हीच गत. दुकानात मिळणारं पोझोलाना सिमेंटचं पोतं उघडा, त्यात १५ ते ३५ टक्के राख असते. ही फसवणूक नाही, मानकातच ते बसतं. अशा काँक्रीटला पोटभर पाणी आणि दिवस मिळाले तर काही महिन्यांनी ते साध्या सिमेंटच्या काँक्रीटहून घट्ट होतं, पाणी कमी आत घेतं. पण घाई केली तर उलट होतं, सुरुवातीचे आठवडे ते जास्त पोकळ असतं. म्हणून मानक ४५६ म्हणतं, साध्या सिमेंटला निदान ७ दिवस ओलं ठेवा, राखवाल्या सिमेंटला निदान १० दिवस, आणि जमलं तर १४. आमच्या वस्तीत स्लॅबवर तीन दिवस आळं करून पाणी साठवतात, चौथ्या दिवशी आळं फुटलं की कुणी बघत नाही. मग पाणी स्लॅबच्या आत गजापर्यंत पोचतं, गज गंजतो, गंजून फुगतो आणि खालच्या बाजूनं काँक्रीटचे खपले ताटात पडतात.

मग कुणी तरी साहेब म्हणतो, पाणी मारायची जबाबदारी लाभार्थ्याची. वा रे जबाबदारी! पंतप्रधान आवास असो की रमाई आवास, २५ चौरस मीटरच्या आसपासचं ते घरकुल. ग्रामीण पंतप्रधान आवासाच्या नियमात ठेकेदाराला मज्जाव आहे, माणसानं आपलं घर आपण बांधायचं, असं कागद म्हणतो. पैसा हप्त्याहप्त्यानं येतो, पुढचा हप्ता पुढचं काम दिसल्यावर. पावसाच्या आत छत टाकायचं, म्हणून काम उन्हाळ्यात. आणि उन्हाळ्यात वस्तीच्या नळाला पाणी असतं का? बाई दोन हंड्यांसाठी पहाटे रांगेत उभी राहते. ते पाणी पोराला पाजायचं की भिंतीला? पोरालाच पाजणार. तिनं भिंतीला पाजलं नाही म्हणून भिंत ओली झाली, असं तिला सांगायला ज्याची जीभ रेटते, त्यानं एकदा त्या रांगेत उभं राहून दाखवावं. सिमेंट दिलं, सळई दिली, पाणी दिलंच नाही. पाणी हाही बांधकामाचा माल आहे, वाळूइतकाच. तो अंदाजपत्रकात का नाही?

म्हणून माझं मागणं सरळ आहे. एक, घरकुल मंजूर करताना पाणी मारायच्या दिवसांचं पाणी मंजूर करा, टँकर वस्तीत उभा करा. दोन, राखेच्या विटेच्या प्रत्येक खेपेवर ती काढल्याची तारीख लिहिलेली असावी, पुरे दिवस न भरलेली वीट दारातूनच परत. तीन, पाच विटा आमच्यासमोर उचलून तपासा, मगच कारखान्याचं बिल पास करा. चार, पाणी मारणाऱ्या बाईला कारखान्यात कायमची रोजी द्या. वीट तिच्या हातानं पक्की होते, मशीननं नाही.

तोवर आपण हात बांधून बसायचं कारण नाही. खेप आली की थप्पीच्या मधून पाच विटा काढा, वरच्या मांडलेल्या घेऊ नका. कडक उन्हात आठ-दहा दिवस वाळवा. किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, वजन लिहा. बादलीत एक रात्र एक दिवस बुडवा, पुसा, परत तोला. फरकाला आधीच्या वजनानं भागा, शंभरानं गुणा. उन्हात वाळवलेल्या विटेत थोडी ओल उरतेच, त्यामुळं घरचं माप विटेला झुकतं माप देतं. म्हणजे आपल्या काट्यावर जी नापास झाली, ती प्रयोगशाळेत पास होणं शक्यच नाही. हे आकडे तारखेसकट वहीत लिहा, पाच जणांच्या सह्या घ्या आणि ती वही घेऊन पंचायत समितीच्या टेबलाशी उभे राहा. तिथला बाबू म्हणेल, तुम्हाला काय कळतं यातलं? त्याला म्हणावं, साहेब, काटा तुमच्यासमोर ठेवतो, वीट तुमच्यासमोर बुडवतो, फक्त उद्या याच वेळी टेबलावर हजर राहा.