कधीही सुरू करावे

माझ्या घरात तीन पोथ्या आहेत. पहिली आजीची, लाल फडक्यात बांधलेली. दुसरी विम्याची, प्लास्टिकच्या पिशवीत. तिसरी स्कूटरची. पहिली आजीला तोंडपाठ होती. दुसरी एजंटाला समजते, असं एजंट म्हणतो. तिसरी कोणालाच समजत नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी मी वर्षभर तिचं पारायण केलं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. म्हणजे न समजलेल्या मजकुराखाली सही करणे आणि करवून घेणे, हा माझा वीस वर्षांचा धंदा. तरीही या तिसऱ्या पोथीने मला घाम फोडला.

सातिवलीला राहणाऱ्या माणसाला स्कूटर हवीच. वसईचं स्टेशन एकीकडे, हायवे दुसरीकडे, मधे गाळ्यांची वसाहत, आणि रिक्षावाल्याच्या मनात असेल तर रिक्षा. तेव्हा कर्मचारी कर्ज काढून अस्मादिकांनी स्कूटर घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. गाडीचं सर्व्हिसिंग अजून तिथेच करायचं आहे.

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक मिळालं. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. मराठीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'स्वामी हस्तपुस्तिका'. आमच्या हिला वाटलं, कुठल्याशा मठाचं प्रकाशन असावं. तिने ते भक्तिभावाने देवघराशेजारी ठेवलं. दोन दिवस त्याला हळदकुंकूही लागत होतं. तिसऱ्या दिवशी मी ते उघडलं आणि कळलं, की स्वामी म्हणजे मीच.

आत गेल्याबरोबर आज्ञा झाली: 'पुढचा व मागचा गतिरोधक एकाच वेळी दाबावा.' गतिरोधक म्हणजे रस्त्यावरचं टेंगूळ, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. सरकारने तशा पाट्याच लावल्या आहेत. सातिवलीतले गतिरोधक आजवर आमचे मणके दाबत आले. आपण त्यांना दाबण्याची ही पहिलीच संधी, म्हणून मी पुढे वाचत गेलो. तीन पानांनंतर चित्र आलं तेव्हा उलगडा झाला, की हा ब्रेक. याच गतिरोधकाच्या दांडीला '१० ते २० मिलिमीटर मोफत खेळ' द्यायचा होता. मोफत खेळ आमच्या सोसायटीत फक्त गणपतीत होतात आणि तेही मिलिमीटरवर नसतात. पुढे 'इंजिनचा आळशी वेग तपासावा' असं होतं. हे वाचताना आमच्या हेडकॅशियरने माझ्याकडे का पाहिलं, कोण जाणे. 'टायर परिधान केलेले असल्यास त्वरित बदलावेत.' टायर परिधान करून मी आजवर कुठे गेलेलो नाही. 'बॅटरीच्या अंतिम स्थानकांना ग्रीस लावावे.' अंतिम स्थानक म्हटलं, की आम्हा वसईकरांच्या डोळ्यांपुढे विरार येतं. आता विरारला ग्रीस लावायचं म्हणजे संध्याकाळच्या गर्दीतच लावलं पाहिजे, माणसं जरा सुळकन उतरतील.

एक वाक्य मात्र मला मनापासून पटलं. 'तेलाच्या अभावी इंजिनची जप्ती होईल.' मी हिला म्हटलं, "बघ, हप्ते थकले तर आम्ही अख्खी गाडी उचलतो. हे बिचारे नुसतं इंजिन नेतात."

बँकेत डबा खाताना मी रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचू लागलो. सगळी शाखा हसायची. मॅनेजरसाहेबांना तर एकदा चपातीचा ठसका लागला.

हा रोग आपल्याकडचाच आहे असंही नाही. रॉबर्ट पिर्सिग नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९७४ साली झेन आणि मोटारसायकलची दुरुस्ती यांची सांगड घालणारं एक पुस्तक काढलं. यंत्रांच्या पुस्तिका लिहिण्याचा धंदा त्याने स्वतःही केला होता, त्यामुळे त्याचा राग जाणत्याचा आहे. त्यात एका जपानी सायकलीच्या माहितीपत्रकाचा किस्सा येतो. मोडक्या इंग्रजीतली त्याची सुरुवातच अशी, की सायकल जोडायला मन फार शांत हवं. हसण्यावारी न्यावं असं वाक्य, पण पिर्सिगला त्यात शहाणपण दिसलं. मलाही दिसतं. त्या जपानी माणसाची भाषा मोडकी असेल, पण पाना हातात घेऊन घामाघूम झालेला गिऱ्हाईक त्याच्या डोळ्यांपुढे होता. आमच्या पुस्तिकेत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडणार नाही आणि गिऱ्हाईकही सापडणार नाही.

आता कोणी म्हणेल, "अहो, मराठीत शब्दच नाहीत, ते तरी काय करणार?" साफ खोटं. चावीचंच घ्या. पुस्तिका तिला 'प्रज्वलन कुंचिका' म्हणते. चावी हा शब्द पोर्तुगिजांचा. पगारही त्यांचाच. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं ते वसईत ठाण मांडून होते. चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं, चावी मात्र आपण ठेवून घेतली. शब्द असे येतात, राहतात, घरचे होतात. आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक सातवी नापास आहे. त्याच्या तोंडचं मराठी ऐका: गाडी ओढत नाही, ऑइल खाते, ब्रेक उतरलेत, प्लगला कचरा आलाय, इंजिन जाम झालंय. यात एक तरी शब्द समजावून सांगावा लागतो का? आणि आम्हा बँकवाल्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आमचा 'नजरगहाण' ऐकावा. वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात, गहाण मात्र आमच्याकडे, याला इंग्रजीत 'हायपॉथिकेशन' असा जबडा दुखवणारा शब्द आहे. मराठीत 'नजरगहाण', की संपलं. ज्याने हा शब्द केला त्याला माझा काउंटरमागून नमस्कार.

तर असं हसतखेळत चाललं होतं. मग जुलैत सातिवलीला पाणी भरलं.

आमचा एक खातेदार आहे. गाळ्यात प्रेस मशीनवर कामाला. गाडी माझ्याच कंपनीची, कर्ज आमच्याच शाखेचं, कागदपत्रं मीच केलेली. इंग्रजी येत नाही. मराठी सावकाश, पण अक्षर न् अक्षर वाचतो. ती पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेले सातिवलीत आम्ही दोघंच असू. मी ती हसायला वाचली होती आणि त्याने गाडी चालवायला.

त्याची स्कूटर रात्रभर सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर त्याने शहाण्या माणसासारखं पुस्तक उघडलं. चौकटीत, ठळक टायपात लिहिलं होतं: 'इंजिन पाण्यात बुडाल्यास कधीही सुरू करावे.'

इंग्रजी पानावर 'नेव्हर' आहे. भाषांतरात त्याचं 'कधीही' झालं आणि 'नये' गळलं. 'कधीही' हा मराठीतला फार बेभरवशाचा प्राणी. शेजारी 'नये' असेल तर बंदी, नसेल तर खुशाल मुभा. डॉक्टर म्हणाले 'कधीही खाऊ नका' तर पथ्य, आणि मामी म्हणाली 'कधीही खायला या' तर आमंत्रण. त्याने आमंत्रण वाचलं आणि बटण दाबलं.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिनात पाणी शिरलं होतं. पिस्टन वर आला, पाण्याला भिडला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढलं असतं आणि ऑइल बदललं असतं, तर कदाचित थोडक्यात भागलं असतं. आता अख्खं इंजिन खोलायचं होतं आणि खर्च त्याच्या महिन्याच्या पगाराहून जास्त.

तो बँकेत आला, या महिन्याचा हप्ता थोडा पुढे ढकलता येईल का विचारायला. हातात ती पुस्तिका, कव्हर घातलेली.

"साहेब, मी पुस्तकात लिहिलंय तसंच केलं."

डब्याची वेळ होती. त्या दिवशी मी काही वाचून दाखवलं नाही.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर सर्व्हिस सेंटरवर गेलो. तिथे टाय लावलेला एक पोरगा होता. "सर, वॉरंटीत बसत नाही. मॅन्युअलमध्ये क्लिअर लिहिलंय," असं म्हणून त्याने इंग्रजी पान दाखवलं. मी मराठी पान दाखवलं. तो गडबडला नाही. त्याने शेवटचं पान काढलं आणि तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं: 'भाषांतरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल.'

वाचकहो, हे वाक्य बिनचूक होतं. 'ग्राह्य' बरोबर, 'तफावत' बरोबर, क्रियापद जागच्या जागी. अख्ख्या पुस्तकात एवढं एकच वाक्य कोणीतरी डोळे उघडे ठेवून वाचलं होतं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मग ही मराठी पानं छापलीत कशाला? शोकेसमध्ये मेणाची फळं ठेवतात तशी? गिऱ्हाइकाने हप्ते भरले त्या नोटांवर पंधरा भाषांची पट्टी असते, तिच्यात मराठीही असते. नोटा घेताना तुम्ही तफावत काढली नाहीत. भाषांतर माणसाने केलं की यंत्राने, याच्याशी मला कर्तव्य नाही. दोघंही चुकतात. पण छापण्यापूर्वी तो कागद कुठल्याही नाक्यावरच्या गॅरेजात न्यायचा आणि मेकॅनिकला वाचून दाखवायचा. तो जिथे हसेल तिथे काट मारायची, जिथे दचकेल तिथे दोनदा मारायची. खर्च, दोन कटिंग आणि एक वडापाव. आणि ते शेवटचं वाक्य काढून टाकायचं. मराठीत लिहून दिलंत ना? मग मराठीला बांधील राहा. बुडालेल्या गाडीच्या चौकटीतला एक 'नये' तुम्ही खाल्लात. उद्या ब्रेकच्या पानावरचा खाल, तेव्हा वाकेल तो रॉड नसेल.

बोलता बोलता माझा आवाज चढला होता. गाडी धुणारी पोरं हातातला पाइप तसाच सोडून ऐकत होती. टायवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही बँकेत ना?"

"हो."

"ह्यांचं लोन ॲग्रीमेंट कुठल्या भाषेत आहे?"

पोरगा हुशार निघाला. ग्राहकांसाठीचं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत असावं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. आमच्या शाखेतली पैसे भरायची स्लिप तिन्ही भाषांत आहे. कर्जाचा करार इंग्रजीत आहे, तीस पानी. त्याच्या शेवटी एक दाखला असतो: 'वरील मजकूर कर्जदारास मराठीत वाचून व समजावून सांगितला.' खाली सही माझी. त्या दिवशी मी त्याला मराठीत काय समजावून सांगितलं होतं ते मला शब्दशः आठवलं. "इथे, इथे आणि इथे सही करा."

परतताना मी गाडी हळू चालवली. तो मागे बसला होता. दोघंही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कराराची प्रत घेऊन बोलावलं. काउंटरसमोर रांग होती, तिच्याकडे पाठ करून मी त्याला खुर्ची दिली. त्याने पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

"साहेब, हे काय लिहिलंय?"

"नजरगहाण. म्हणजे गाडी तुमच्या दारात, पण कर्ज फिटेपर्यंत नजर आमची."

"गाडी बंद पडली असली तरी?"

"तरी."

त्याने मान हलवली आणि पान उलटलं. अजून एकोणतीस होती.