नाममुद्रा बदलण्याचा अधिकार

कलावंताने आपली नाममुद्रा, म्हणजे स्वाक्षरी, बोधचिन्ह आणि ज्या नावाने तो रसिकांपुढे उभा राहतो ते नाव, एकदा मुक्रर केल्यावर आजन्म बदलू नये, बदलल्यास तो एक तर चंचल असला पाहिजे किंवा पूर्वायुष्यातील काही उणे झाकू पाहणारा तरी, असे मानणारा एक पक्ष आहे. आणि हल्ली जो तो चित्रकार आपला ‘ब्रँड’ नव्याने घडवून घेण्याच्या खटपटीत दिसत असल्यामुळे या पक्षाला अनुयायीही पुष्कळ लाभले आहेत. त्यांचा वैताग मला समजतो; त्यांचा सिद्धांत मात्र मान्य करवत नाही.

जपानी चित्रकार होकुसाई (१७६०–१८४९) याने तिसांच्या आसपास नावे धारण केली. कात्सुकावा शुनशोच्या चित्रशाळेत नटांची चित्रे काढीत असताना तो शुनरो होता. गुरूच्या निधनानंतर ती शाळा सुटली तेव्हा सोरी हे निराळ्या परंपरेतले नाव त्याने घेतले. आणि १७९८ च्या सुमारास तेही एका शिष्याच्या हवाली करून, कोणत्याही घराण्याची सनद न मागता, तो होकुसाई झाला. हे चांचल्य नव्हे. कुंचल्याने वाट बदलली आणि नावाने तिची नोंद केली, इतकेच.

राहिला लपवाछपवीचा आरोप. फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांची त्याची जी मालिका १८३१ च्या सुमारास निघू लागली (नाव छत्तिसांचे, चित्रे अखेर शेहेचाळीस झाली), तिच्यातील कानागावाच्या प्रचंड लाटेचे चित्र आज जगभर परिचित आहे. त्या चित्रातली सही आशयाने अशी, की होकुसाई नाव बदलून झालेल्या इइत्सुने हे काढले. फेरफार नोंदवताना तलाठी जुन्या खातेदाराचे नाव कंसात राखतो, तसाच हा चोख व्यवहार! काही नावे त्याने शिष्यांना दाम घेऊन दिली असेही सांगतात. ते खरे धरले तरी गरजवंताचा सौदा ठरेल, फसवणूक नव्हे.

जगाने शेवटी होकुसाई हेच नाव राखले, मग बाकीचा खटाटोप व्यर्थच की, हा प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा. परंतु कोणते नाव टिकावे याचा निवाडा उत्तरकाळ करतो. हयात चित्रकारापुढे प्रश्न असतो तो कालच्या गिऱ्हाइकाने कालच्याच चित्राची मागणी करीत राहण्याचा, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर ती लाट काढणाऱ्या माणसाला त्या मागणीतून मोकळे होण्याचा हक्क नाकारणे मला अन्यायाचे वाटते.

माझी तक्रार आहे ती उलट्या क्रमाविषयी. आज आधी बोधचिन्ह येते, मग रंगसंगती, मग नवी अक्षरवळणे, आणि चित्रे मात्र पूर्वीचीच. म्हणून नव्या नाममुद्रेच्या मागे लागलेल्या तरुण चित्रकारांना विनंती एवढीच, की आधी आपली जुनी आणि नवी चित्रे एका भिंतीवर शेजारी शेजारी लावून पाहावीत. फरक दिसला तर नाव खुशाल बदलावे आणि जुने नाव काही काळ सहीत राहू द्यावे, न दिसला तर संकल्पकाराचे शुल्क वाचवून त्या पैशांचे रंग आणावेत.