जुगार : कायद्याची बंदी आणि ख्रिस्ती विवेकाचा कौल

भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा एक महत्त्वाचा कायदा संमत केला. २० ऑगस्टला लोकसभेने व २१ ऑगस्टला राज्यसभेने विधेयक मंजूर केले आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींनी त्यास संमती दिली. पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने निषिद्ध ठरविले. असे खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्यांची जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास व ५० लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद करण्यात आली. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता बळी म्हणून पाहिले गेले. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ पोहोचली असून त्यांनी २० हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम गमावली, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला होता.

त्यानंतर काही दिवसांतच भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावरून अशाच एका बड्या कंपनीचे नाव उतरले. दुसरीकडे, काही कंपन्यांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. न्यायालये आपले काम करतील. परंतु आपणा श्रद्धावंतांपुढे एक वेगळा प्रश्न उभा राहतो. कायद्याने बंदी घातली म्हणूनच जुगार वाईट का? आणि ज्या जुगाराला कायद्याची परवानगी आहे, तो आपल्या सद्सद्विवेकबुद्धीलाही मान्य व्हावा का?

कौशल्य की नशीब?

आपल्या देशातील कायद्याने फार पूर्वीपासून एक रेषा आखलेली आहे. १८६७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्यावर आधारलेल्या खेळांना सूट दिली होती. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराच्या घटनात्मक हक्काचे संरक्षण नाकारले. त्या निकालात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या विलापाची आणि महाभारताचीही आठवण करून देण्यात आली होती. द्यूतात राज्य, भाऊ आणि अखेर पत्नीही पणाला लावणारा धर्मराज आपल्या मातीतील प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढे रमी आणि घोड्यांच्या शर्यती यांत कौशल्याचा भाग मोठा असल्याचे न्यायालयाने मान्य केले. याच आधारावर रमीचे खेळ मोबाईलवर आले आणि नामवंत चेहरे त्यांच्या जाहिरातींत झळकले.

ख्रिस्तसभा मात्र या रेषेवर फार काळ रेंगाळत नाही. पत्ते कौशल्याने पडले की नशिबाने, यापेक्षा त्या डावात मुलांच्या शाळेची फी गेली का, हा प्रश्न तिला महत्त्वाचा वाटतो.

ख्रिस्तसभेची शिकवण

या विषयावर ख्रिस्तसभेची भूमिका अनेकांच्या समजुतीपेक्षा अधिक सूक्ष्म आहे. काही प्रॉटेस्टंट पंथांनी जुगार सर्वस्वी निषिद्ध मानला. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ तसे म्हणत नाही. चोरी करू नकोस, या सातव्या आज्ञेच्या विवरणात त्याने या विषयाला स्थान दिले आहे. नशिबाचे खेळ किंवा पैजा मुळातच न्यायाविरुद्ध आहेत, असे तो मानत नाही. पण ज्या क्षणी त्यांमुळे माणूस स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेसाठी लागणाऱ्या गोष्टींना मुकतो, त्या क्षणी ते नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य ठरतात. जुगाराचा नाद ही गुलामगिरी होऊ शकते, असा इशाराही हा ग्रंथ देतो. खेळातील लबाडी ही, नुकसान अगदीच क्षुल्लक नसेल तर, गंभीर बाब मानली आहे.

पारंपरिक नीतिशास्त्राने याच विचाराच्या कसोट्या घालून दिल्या आहेत. लावलेला पैसा खरोखर आपला असावा, कुटुंबाच्या वाट्याचा नसावा. खेळणारा स्वेच्छेने खेळत असावा. खेळात कपट नसावे. आणि दोन्ही बाजूंना साधारण समान संधी असावी. सुटीच्या संध्याकाळी नातलगांनी पाच-दहा रुपये लावून मांडलेला पत्त्यांचा डाव या कसोट्यांवर सहज उतरतो. आजचा जुगाराचा धंदा उतरतो का, हे तपासून पाहू.

समान संधी कोणाला?

कॅसिनोतील रूलेटच्या चाकाचे उदाहरण घेऊ. युरोपीय पद्धतीच्या चाकावर शून्यापासून ३६ पर्यंत ३७ आकडे असतात. समजा, ३७ जणांनी प्रत्येकी १०० रुपये एकेका वेगळ्या आकड्यावर लावले. एकूण ३,७०० रुपये जमले. ज्याचा आकडा लागला, त्याला त्याच्या १०० रुपयांसह ३,६०० रुपये मिळतात. उरलेले १०० मालकाचे. चाक कितीही प्रामाणिक असो, दर फेरीला सरासरी २.७ टक्के रक्कम मालकाकडे सरकतच राहते. ‘आज ना उद्या नशीब उघडेल’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब मांडून पाहावा. जितके अधिक खेळावे, तितके नुकसान अधिक पक्के होते. येथे लबाडी शोधण्याची गरजच नाही. विषमता नियमांतच लिहिलेली आहे.

शिवाय, प्रामाणिक व्यापारात विकणारा आणि घेणारा दोघेही काही मिळवून घरी जातात. जुगारात एकाच्या हाती जे येते, ते दुसऱ्याच्या हातून गेलेले असते. आपली जीत ही कोणाच्या तरी घरची तूट आहे, हे शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा मिळालेल्या ख्रिस्ती माणसाला विसरता येणार नाही.

दोन चिठ्ठ्यांची गोष्ट

‘जुगार खेळू नकोस’ अशी थेट आज्ञा पवित्र शास्त्रात सापडत नाही. चिठ्ठ्या टाकण्याचे प्रसंग मात्र आहेत, आणि त्यांपैकी दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत, यहूदाच्या जागी कोणाला निवडावे हे ठरविताना प्रेषितांनी प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मथियाची निवड झाली. तेथे पैसा नव्हता, हव्यास नव्हता. निर्णय देवाच्या हाती सोपविणे एवढाच हेतू होता. दुसरा प्रसंग कालवारी टेकडीवरचा. क्रुसाच्या पायथ्याशी शिपायांनी प्रभू येशूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. वर एक माणूस प्राण सोडत होता आणि खाली त्याच्याच वस्त्राचा लाभ कोणाला मिळतो, यावर सर्वांचे डोळे खिळले होते. जुगाराचे खरे पाप या दृश्यात दिसते. ते चिठ्ठीत नाही, ते वर न पाहण्यात आहे.

मांडवीच्या पात्रातील विसंगती

आपल्या शेजारच्या गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या झाल्या आणि आधी पंचतारांकित हॉटेलांत, नंतर जहाजांवर कॅसिनोंना वाट मिळाली. पणजीजवळ मांडवीच्या पात्रात उभ्या राहिलेल्या या जहाजांना तेथील ख्रिस्तसभेने व अनेक नागरिकांनी विरोध केला. पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळण्यास मनाई करण्यात आली. बाहेरून येणाऱ्यांना मात्र दार उघडे राहिले.

या निर्णयातील कबुली लक्षात घ्यावी. जे आपल्या लेकरांसाठी विष आहे, ते पाहुण्याच्या ताटात वाढण्यास हरकत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. आणि हे पाहुणे कोण? त्यांत महाराष्ट्रातून जाणारे आपलेच तरुण आहेत. महाराष्ट्राने स्वतःचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय घेतला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु याच राज्याने १९६९ साली सरकारी लॉटरी सुरू केली होती, हेही नमूद केले पाहिजे. कराच्या उत्पन्नासाठी शासनाने दुर्बलांच्या आशेवर विसंबावे का, हा प्रश्न आपण लोकप्रतिनिधींना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावयास हवा.

नाद नव्हे, आजार

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराला व्यसनांच्या पंक्तीत स्थान दिले आहे. हरलेली रक्कम परत मिळविण्यासाठी पुन्हा पैसे लावणे, घरच्यांशी खोटे बोलणे, कर्ज काढणे, दागिने गहाण ठेवणे ही त्याची लक्षणे आपल्या परिसरातही अनोळखी नाहीत. पूर्वी मटक्याच्या अड्ड्यावर जाताना माणसाला चार लोक पाहत असत. आज तोच अड्डा रात्री दोन वाजता उशाशी असतो आणि त्याची जाग पलीकडे झोपलेल्या पत्नीलाही लागत नाही.

अशा माणसाला केवळ उपदेश पुरत नाही, पण त्याच्यासाठी सारे संपलेलेही नाही. संत कमिलस दे लेलिस हे याचे ज्वलंत उदाहरण. १५५० साली इटलीत जन्मलेला हा सैनिक जुगारात सर्वस्व हरून रस्त्यावर आला होता. १५७५ मध्ये त्याचे परिवर्तन झाले. पुढे त्याने आजाऱ्यांच्या सेवेसाठी संघ स्थापन केला आणि ख्रिस्तसभेने त्याला रुग्णांचा व परिचारकांचा आश्रयदाता संत म्हणून गौरविले. ज्या हातांनी पत्ते पिसले, त्याच हातांनी जखमा धुतल्या.

आपल्या अंगणात

इतरांकडे बोट दाखविताना आपल्या धर्मग्रामाकडेही पाहणे न्यायाचे ठरेल. सणाच्या दिवशी हाउजी, चर्चच्या बांधकामासाठी लकी ड्रॉची तिकिटे, हे आपल्याकडे सर्रास चालते. वर सांगितलेल्या कसोट्या लावल्या तर अल्प रकमेची, करमणुकीपुरती हाउजी पाप ठरत नाही. तरीही काही प्रश्न उरतात. बक्षिसाची रक्कम दरवर्षी फुगते आहे का? लहान मुलांच्या हाती तिकिटांची पुस्तके दिली जातात का? धर्मकार्यासाठी दान मागण्याची सवय मोडून आपण आमिष दाखविण्याची सवय लावत आहोत का? शुभवर्तमानातील विधवेने दोन दमड्या टाकल्या, त्या बदल्यात तिला कसलेही बक्षीस नको होते. धर्मग्राम समित्यांनी याचा मोकळेपणाने विचार करावा.

वसईच्या कॅथलिकांनी १९१८ साली एक पतसंस्था उभारली आणि तिचीच पुढे बँक झाली. शेतीवाडीत राबणाऱ्या त्या पूर्वजांनी थोडे थोडे साठवून एकमेकांना हात दिला. झटपट मिळालेले धन ओसरते आणि हळूहळू साठविलेले वाढते, ही नीतिसूत्रांची शिकवण त्यांनी आचरणात आणली.

आज आपल्याला काय करता येईल? घरातील पैशाचा हिशेब पती-पत्नींनी एकत्र बसून पाहावा. तरुणांच्या संघटनांनी वर मांडलेले गणित सभेत मांडावे. कोणी अडकला असल्याचे कळले, तर त्याचा बभ्रा करू नये. पण त्याच्या हाती रोख रक्कमही देऊ नये, कारण ती पुन्हा डावावरच जाण्याची भीती असते. कर्ज फेडण्याची योजना आखून देणे, समुपदेशकाकडे सोबत जाणे, प्रायश्चित्त संस्काराकडे प्रेमाने वळविणे, ही खरी मदत होय. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो.

कायदा खेळाचे दार बंद करू शकतो. मनातील हव्यास बंद करणे त्याच्या हाती नाही. ते काम कृपेचे आहे, कुटुंबाचे आहे आणि धर्मग्राम म्हणून आपणा सर्वांचे आहे. कालवारीवरील शिपायांसारखी आपली नजर खाली खिळून राहू नये. ती वर जावी आणि शेजारच्या माणसाकडेही जावी, एवढी प्रार्थना आपण अवश्य करू या.