कुंचल्याची धाव

पौराणिक चित्र म्हटले की आपल्या वरुडात डोळ्यांपुढे येते ती भिंतीवरची तसबीर. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवता घरोघरी पोचल्या. हे ऋण मोठेच. पण त्या तसबिरींनी एक सवयही लावली. चित्र गुळगुळीत हवे, दागिना न् दागिना दिसायला हवा, तरच ते चांगले!

या मापाने पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची महाभारत-चित्रे अपुरीच वाटणार. १९७१ साली ब्राझीलमधील साओ पाउलो येथे मांडलेल्या या चित्रमालेत चेहरे रेखीव नाहीत, आकृत्या एकमेकींत घुसलेल्या. परंतु रुंद कुंचल्याचे फटकारे पाहा. रविवर्म्यांच्या जटायुवधात रावणाने उगारलेली तलवार दिसते. हुसेन यांच्याकडे आवेश कुंचल्यातच असतो. घोड्याची मान वळते ती रंगाच्या एका ओढीने. भाऊ भावावर उठला, तो कल्लोळ नीटनेटक्या रेषेत कसा मावावा?

म्हणून माझे मत असे, की चित्रात 'कोण आहे' एवढ्यावरच न थांबता 'हात कसा फिरला' हेही आपण पाहावे. ओळख पटली नाही म्हणून पान उलटू नये.