उलटी सोसायची की थांबवायची?

दिवस गेल्यावर मळमळायचंच, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणींना तो त्रास होतोही. पण 'होतोच' म्हणता म्हणता आपण 'सोसायलाच हवा' इथवर येतो आणि गोळीचं नाव काढलं की घर गप्प होतं. त्याबद्दल हे काही मुद्दे.

१. भीती उगाच आलेली नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड विक्रीला आलं आणि पुढे गरोदर बायका ते मळमळीवरही घेऊ लागल्या. १९६१च्या नोव्हेंबरात ते मागे घेतलं, तोवर जगभरात हजारो मुलं हातपाय अर्धवट वाढलेली जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी सुरक्षिततेचा पुरावा अपुरा म्हणून मंजुरी अडवून धरली, तो देश बराचसा वाचला. केल्सीबाईंनी पुरावा मागितला होता. आपण मात्र पुरावा असलेल्या औषधालाही नाही म्हणतो.

२. याची उलट बाजूही घडून गेली आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्व असलेली बेन्डेक्टिन नावाची गोळी अमेरिकेत १९५६ पासून मिळत होती, लाखो बायकांनी घेतली. मग व्यंगाचे दावे सुरू झाले. अभ्यासांत दोष सापडला नाही, पण कोर्टकचेरीचा खर्च परवडेना म्हणून कंपनीने १९८३ साली गोळी बंद केली. पुढे काय झालं? जन्मजात व्यंगांचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. उलट्यांमुळे दवाखान्यात भरती होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. तीच जोडी २०१३ साली तिथे पुन्हा मंजूर झाली. मधली तीस वर्षं बायकांनी बादलीजवळ बसून काढली. आपल्याकडे ही जोडी सहज मिळते आणि डॉक्टर बहुधा तिच्यापासूनच सुरुवात करतात. रात्री झोपताना घेतली की सकाळच्या उमाशांना आवर बसतो. झोप येते, एवढं ध्यानात ठेवायचं.

३. खरी ढिलाई दिसते ती औषधांच्या दुकानात. नवरा येतो, "उलटीची गोळी द्या" म्हणतो. दुकानदार पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या देतो. नाव उरलेल्या तुकड्यावर राहतं. कुणासाठी, कितवा महिना, कुणी विचारत नाही. बहुतेकदा ती ऑन्डान्सेट्रॉन असते. २०१८ साली अमेरिकेतल्या अठरा लाख गरोदरपणांची नोंद तपासली, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेतलेल्यांत ओठ-टाळू दुभंगलेली मुलं दहा हजारांमागे सुमारे तीन जास्त आढळली. हृदयाच्या व्यंगात वाढ दिसली नाही. धोका छोटा आहे, आणि बाईला पाणीही पचत नसेल तर डॉक्टर ही गोळी देतातही. पण तो निर्णय काउंटरवरचा नव्हे. "पेशंट गरोदर आहे का?" हा एक प्रश्न प्रत्येक दुकानात विचारला जावा, एवढी मागणी अन्न व औषध प्रशासनाकडे करायला हरकत नसावी.

४. आलं, लिंबू, आमसूल जरूर घ्यावं. साध्या मळमळीला आल्याचा थोडा उपयोग होतो, असं अभ्यासही सांगतात. मात्र घोटभर पाणीही टिकत नाही, लघवी कमी आणि गडद होते, आधीच्या वजनातलं पाच टक्के उतरतं, तेव्हा घरगुती उपाय बास. त्याच दिवशी दवाखाना. तिथेही नुसतं ग्लुकोज चढवून घरी पाठवू नये. बरेच दिवस उलट्या झालेल्या बाईला आधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

५. "आम्हाला नाही झालं असलं काही" हे सासूबाईंचं म्हणणं खरंही असेल. २०२३च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनानुसार गर्भ आणि वार जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. दिवस जाण्याआधी ज्यांच्या अंगात ते कमी असतं, त्यांना एकदम वाढलेलं ते जास्त बाधतं. एकीला काहीच न होता दुसरी अंथरूण धरते, ते यामुळे. नाटकं करते म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

६. गोळीइतकाच रजेचाही प्रश्न आहे. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी बाळंतपणाच्या रजेखेरीज महिनाभरापर्यंत पगारी रजा देण्याची सोय १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातच केलेली होती. किती कचेऱ्यांत ती बायकांना कुणी आपणहून सांगतं? आणि हे झालं नोकरदार बाईचं. ऊसतोडीला गेलेल्या बाईने दुसऱ्या महिन्यात उलट्यांनी एक दिवस कोपीत काढला, तर खाडा लागतो, पैसे कापले जातात. तिने रजेचा अर्ज कुणाकडे करायचा, हे मुकादमही सांगत नाही आणि कारखानाही.