सायकलच्या शर्यतीतून ऊसवाल्याने काय घ्यावे?



उसाच्या पत्रिकेत सायकलीचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण हिशेब आपल्याच फायद्याचा आहे, म्हणून लिहितो.

ब्रिटनच्या सायकल संघाचे डेव्ह ब्रेल्सफर्ड यांनी एक साधी गोष्ट धरली. एकदम मोठी उडी नको. सायकल, खाणे, झोप, अगदी हात धुण्यापर्यंत प्रत्येक बाबीत एकेक टक्का सुधारायचे. पैसा आणि गुणी खेळाडू त्यांच्याकडे होतेच. पण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सायकलिंगची ८ सुवर्णपदके ब्रिटनने नेली, आणि २०१२ साली ब्रॅडली विगिन्स हे 'टूर द फ्रान्स' जिंकणारे पहिले ब्रिटिश ठरले.

लांब कशाला जायचं? नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने केली. मुदत १२ दिवसांची. ते पोचले तेव्हा काही तासच शिल्लक होते. आता बघा, रोज थांब्यावर १५ मिनिटे वाया गेली तर १२ दिवसांत ३ तास जातात. शर्यत तिथेच हातची जाते.

आपलंही तसंच आहे. एकरी ४० टन काढणाऱ्याने दहा कामांतून एकेक टक्का वाढ साधली, तर ऊस ४४ टनांच्या वर जातो. बेणे निवडून प्रक्रिया करणे, वेळेवर नांग्या भरणे, खताचा हप्ता न चुकवणे, पाचट न जाळणे, जमिनीलगत तोड करणे. यात नवीन काय? काहीच नाही. पण आपण नव्या जातीची आणि कालव्याच्या जादा पाळीची वाट बघत बसतो, अन् हातातलं काम राहून जातं. वेळापूरला वारकरी धावा करतात, पण ते आळंदीपासून रोज चालून आलेले असतात.

दुसरी गोष्ट. उसाचा दर साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. एकाचा शिळा ऊस सगळ्यांचा दर खाली ओढतो. म्हणून कारखान्यालाही सांगणे आहे: तोडलेला ऊस उन्हात वाळला की वजनही जाते अन् साखरही. तोडीच्या पाळ्या नीट लावा, गव्हाणीपुढची ट्रॉल्यांची रांग कमी करा. सुधारणा फक्त सभासदानेच करायची, हे बरोबर नव्हे.

शेवटी एक इशारा. त्याच विगिन्स यांच्या संघावर २०१८ साली ब्रिटिश संसदेच्या समितीने ठपका ठेवला, की औषधे वापरताना नीतीची रेषा ओलांडली. संघाने तो नाकारला, पण डाग राहिलाच. आपल्यातही तोडीच्या तोंडावर पाणी देऊन वजन वाढवणारे, मोळीत बांडी-पाचट घालणारे आहेत. ती सुधारणा नव्हे; ती शेजाऱ्याच्या उताऱ्यातून केलेली चोरी आहे.

तेव्हा यंदा प्रत्येकाने दहा नको, एकच काम धरावे, वहीत लिहावे, आणि हंगाम संपल्यावर टनेज पुन्हा मांडून बघावे.