ग्रंथपरिचय : चित्रांतला डाव

रहस्यकथा म्हटली कीं घरांतील वडील मंडळी नाक मुरडतात, आणि दुपारीं तेंच पुस्तक त्यांच्या उशाखालीं सांपडतें! आज ज्या कादंबरीचा परिचय करून द्यावयाचा ती अशी लपविण्याचें कारण नाहीं. आर्तुरो पेरेझ-रेव्हेर्ते ह्या स्पॅनिश लेखकाची 'ला ताब्ला दे फ्लांदेस' ही कादंबरी १९९० सालीं प्रसिद्ध झाली. मार्गारेट जल कॉस्टा ह्या विदुषींनीं केलेलें तिचें इंग्रजी भाषांतर १९९४ सालीं निघालें.

कथानायिका हुलिया ही माद्रिद शहरीं जुन्या चित्रांचा जीर्णोद्धार करणारी तरुणी. कापसाच्या बोळ्यानें पिवळें पडलेलें रोगण हलक्या हातानें उतरवावें, उडालेला रंग भरावा, असें तिचें काम. १४७१ सालचें म्हणून एक फ्लेमिश चित्र लिलावापूर्वीं तिच्याकडे येतें. त्यांत दोन पुरुष बुद्धिबळें खेळत आहेत व खिडकीपाशीं एक स्त्री ग्रंथ वाचीत बसली आहे. क्ष-किरणांनीं तपासतांना रंगाखालीं दडविलेला लॅटिन प्रश्न दिसतो : स्वाराला कोणीं मारलें? चित्रांतील खेळाडूंपैकीं एक सरदार चित्र रंगविण्यापूर्वीं दोन वर्षें खून होऊन मेला होता! (चित्र व चित्रकार दोन्ही कल्पित आहेत, पण वर्णन वाचतांना तसें वाटत नाहीं.)

उत्तर दडलें आहे पटावर. मुन्योझ नांवाचा एक अबोल कारकून तो डाव उलटा खेळत जातो. पुढची चाल कोणती हें आपण सारेच शोधतों. हा मनुष्य मागची शोधतो. मेलेला घोडा कोणत्या मोहऱ्यानें मारला असेल, आणि कोणत्या मोहऱ्याला तें शक्यच नव्हतें, हें तो एकेक करून ठरवितो. ही प्रकरणें आम्हांस सर्वांत आवडलीं. मराठी वाचकांनीं मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्या पटावर राजाशेजारीं वजीर बसतो. युरोपांतील पटावर त्याच घरांत राणी असते. येथें हा भेद नुसता नांवाचा नाहीं. उद्यां कोणी ही कादंबरी मराठींत आणूं लागेल, तर ह्याच जागीं त्याची लेखणी अडेल.

जुन्या खुनाबरोबर नवे खूनही पडूं लागतात, व कोणी अज्ञात इसम चिठ्ठ्यांवर चाली लिहून तो डाव पुढें खेळूं लागतो. पण आमचें मन गुंतलें तें चित्राच्या वृद्ध मालकापाशीं. चाकांच्या खुर्चीस खिळलेला, बाखच्या संगीतांत रमणारा हा गृहस्थ वाडवडिलांचें चित्र विकावयास निघाला आहे, आणि पुतणी व तिचा नवरा येणाऱ्या रकमेवर डोळा ठेवून घरांतच वावरत आहेत. चित्रांत खुनाचा प्रश्न आहे असें कळतांच त्याची किंमत वाढते! कलेच्या बाजारांतील हा व्यवहार लेखकानें निर्दयपणें दाखविला आहे.

शेवट मात्र फिका वाटला. खुनी व्यक्तीचा कबुलीजबाब फार लांबला आहे, आणि सांगितलेलें कारण आम्हांस पटलें नाहीं. कांहीं प्रसंग शाळकरी मुलांच्या हातीं देण्याजोगे नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. पुस्तकांत डावाच्या आकृत्या दिल्या आहेत. तरी शेजारीं पट मांडून वाचावें, आणि मुन्योझच्या आधीं आपणांस घोड्याचा मारेकरी सांपडतो कीं काय तें पाहावें.